सभासदांची एक दिवसाची सहल : औंध, सातारा आणि बारा मोटांची विहीर

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर दर अंकी आम्ही खोडव्याची निगा, पाचट, हुमणी, बेणेमळा असे काही ना काही लिहीत असतो, आणि आपण ते वाचता असे गट ऑफिसात सांगताही. या वेळी मात्र आम्ही सहलीविषयी लिहिणार आहोत. विषय शेतकी खात्याचा नाही असे प्रथम वाटेल. आम्हांलाही तसेच वाटले होते.

कारखान्यातर्फे सभासदांच्या सहली निघतात त्या ठरलेल्या. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, एखाद्या प्रगतशील बागायतदाराचा प्लॉट. या सहली झाल्याच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण एका वार्षिक सभेत महिला सभासदांच्या बाजूने एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "दर साली ऊसच दावताय. ऊस आमी रोज बगतो. येकदा कायतरी दुसरं दावा की." सभा हसली, चेअरमनसाहेबही हसले, आणि ते काम आमच्या गळ्यात पडले.

पहिल्या खेपेस आम्ही घोळ घातला, तो आधी कबूल करतो. एका दिवसात सात ठिकाणे धरली. सभासदांनी त्या दिवशी पाहिला तो मुख्यतः डांबरी रस्ता. त्यात वार सोमवार. एका नामवंत संग्रहालयाच्या दाराशी दोन गाड्या उभ्या राहिल्या आणि दाराला कुलूप. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, ही गोष्ट आम्हांस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पायरीवर बसून कळली. त्याच पायरीवर मंडळींनी भाकरी सोडली आणि एका सभासदाने सर्वांदेखत विचारले, "सायेब, उसाची नोंद घिताना तारीक बगता, तशी हितं का न्हाय बगितली?" उत्तर नव्हते.

दुसऱ्या खेपेला संचालक मंडळाच्या बैठकीत विरोध झाला. "आधी ऊस बिल चौदा दिवसांत द्या, मग सहली काढा," असे एका संचालकांनी स्पष्ट सांगितले. बोलणे खोटे नव्हते. शेवटी असे ठरले की गाडीचे निम्मे भाडे जाणाऱ्या सभासदाने भरायचे, निम्मे कारखान्याने शिक्षण निधीतून द्यायचे, आणि भाकरी ज्याची त्याने बांधून आणायची. भाडे भरावे लागणार म्हटल्यावर नावे गळतील अशी आमची अटकळ होती. उलट झाले. पैसे भरलेला माणूस वेळेवर येतो आणि सगळे बघून मगच हलतो, हा आमचा अनुभव.

२०२४ च्या सप्टेंबरात, गणपती झाल्यावर पितृपंधरवड्यातला रविवार धरला. त्या दिवसांत लग्न नसते, जत्रा नसते, तोडणी सुरू व्हायची असते. प्रासंगिक करारावर एस.टी.च्या दोन गाड्या घेतल्या. ठिकाणे तीनच : औंधचे श्री भवानी संग्रहालय, साताऱ्यात त्या वेळी भरलेले वाघनखांचे प्रदर्शन, आणि लिंबची बारा मोटांची विहीर. पहाटे साडेपाचला कारखान्याच्या गेटवरून नारळ फोडून निघालो.

आता एक अडचण सांगतो. आमच्या एका गटात दोन सख्खे भाऊ सभासद आहेत. नावे लिहीत नाही; ओळखतील ते ओळखतील. विहीर सामाईक, जमीन वाटून घेतलेली, आणि पाण्याच्या पाळीवरून सहा वर्षे एकमेकांशी शब्द नाही. त्या विहिरीवर दोघांच्या मिळून साडेसहा एकर उसाला ठिबक बसवावे म्हणून आम्ही तीन वर्षे खेटे घातले होते. थोरले म्हणत, "त्याला इचारा." धाकटे म्हणत, "त्यास्नी इचारा." दोघांनीही सहलीला नावे दिली होती, हे आम्हांस गेटवर समजले. थोरल्यांना पहिल्या गाडीत आणि धाकट्यांना दुसऱ्या गाडीत बसवले आणि देवावर हवाला ठेवला.

औंध हे खटाव तालुक्यात. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर संग्रहालयाची इमारत आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. हा राजा स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा मोठा प्रसारक, आणि १९३९ साली आपणहून राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारा. गावोगावच्या पंचायतींवर राज्य चालवण्याचा तो प्रयोग महात्मा गांधींच्या सल्ल्याने झाला. सहकारात वाढलेल्या माणसाने हे एकदा ऐकून ठेवण्यासारखे आहे, म्हणून गाडीतच थोडे सांगितले. निम्मे झोपले होते.

आत मात्र कोणी झोपले नाही. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे तिथे आहेत. आपल्या घरोघरी देवघरात नाहीतर कॅलेंडरवर जी लक्ष्मी, जी सरस्वती आपण पाहतो, ती रूपे पुष्कळशी याच चित्रकाराच्या छापील चित्रांवरून घरोघर पोचली. हे सांगताच महिला सभासद पुढे सरकल्या. लुगड्याचा काठ, नथीचा मोती, पदराची चुणी यांवर जी चर्चा झाली ती आमच्या आवाक्याबाहेरची होती. एक काकू म्हणाल्या, "कापडाचं वजन दिसतंय बगा यात." आम्ही त्या चित्रापुढून दोनदा गेलो होतो, आम्हांला नव्हते दिसले.

तिथे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प आहे. जगभर नावाजलेला हा शिल्पकार. आपल्या मंडळींपैकी एकाने बारकाईने पाहून निकाल दिला, "याला नाक-डोळं धड न्हाईत, काम अर्धंच सोडलंय." त्यावर वार्षिक सभेत उठलेल्या त्याच आजी म्हणाल्या, "नाक-डोळं कशाला पायजेत? पोर कसं धरलंय बग. आईच हाय ती." पुढे कोणी वाद घातला नाही.

औंधमध्ये आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या धंद्याची. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बेळगावात तयार झाला १९०३ साली. प्रथम त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष उतरेल, अशी लोकांची धारणा. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा याच औंधच्या राजाने आपल्या संस्थानातली माळरानाची जागा त्यांना दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर निघाले, गुऱ्हाळाचे लोखंडी चरक निघाले, आणि पुढे पाण्याचे पंप निघाले. लोखंडाच्या विषाची गोष्ट ऐकून सगळे मोठ्याने हसले. आम्हीही हसलो, पण मनात म्हटले की ठिबकाच्या नळीने उसाच्या मुळ्या वर येतात आणि ऊस लोळतो, असे आम्हांला ऐकवणारी चार-पाच मंडळी या हसणाऱ्यांतच उभी आहेत. तिथे बोललो नाही. सहलीत माणसाला चिमटा काढू नये.

रहिमतपूरवरून साताऱ्यात पोचेतो साडेबारा वाजले. छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात १९ जुलै २०२४ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे दर्शनासाठी ठेवलेली होती. तीन वर्षांच्या कराराने ती महाराष्ट्रात आलेली, आणि पहिला मान साताऱ्याचा. (२०२५ च्या सुरुवातीस ती साताऱ्याहून नागपूरला गेली.) रांग मोठी होती. पायांतल्या चपला काढाव्यात का, यावर रांगेतच चर्चा झाली आणि बऱ्याच जणांनी काचेपुढे आल्यावर हात जोडले.

एका पदवीधर तरुण सभासदाने विचारले, "साहेब, हीच का ती? अफजलखानाच्या वेळची?" आम्ही जे खरे तेच सांगितले. साताऱ्यात १८१८ साली इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून जेम्स ग्रँट डफ आला, ज्याने पुढे १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. वाघनखे त्याच्याकडे गेली आणि त्याच्या वंशजांकडून लंडनच्या संग्रहालयाला मिळाली. सोबतच्या पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्यात महाराजांनी मोगल सरदाराला मारल्याचे म्हटले आहे, आणि अफजलखान तर आदिलशाहीचा. म्हणजे पेटीवर लिहिणाऱ्याचीच गफलत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली वापरली ती हीच, असे सिद्ध करता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच सांगते.

दोघे-तिघे जरा नाराज झाले. आम्हांलाही क्षणभर वाटले की गप्प बसलो असतो तर बरे. पण एक जुने सभासद, ज्यांचे वजन पंचक्रोशीत आहे, म्हणाले, "कागद कच्चा असंल म्हणून जमीन खोटी हुती व्हय? म्हाराजांनी खानाला मारला ह्यो सातबारा पक्का हाय." हशा झाला आणि रांग पुढे सरकली. आम्ही कृषी पदविकाधारक. इतिहासाचे शिक्षण आमचे मॅट्रिकला संपले. तरी एवढे समजले की माणसाला अर्धवट सांगितलेले पटकन लक्षात येते. माती परीक्षणाचा रिपोर्ट वाईट आला तर तो वाईट म्हणूनच सांगावा लागतो, तसेच हे.

भाकरी साताऱ्यात खाल्ली. शेंगदाण्याची चटणी, दही, भरली वांगी. दोन्ही गाड्यांची माणसे एका पंगतीत मिसळली. दोघे भाऊ पंगतीच्या दोन टोकांना.

लिंब हे गाव साताऱ्याहून पुण्याच्या वाटेला पंधरा-सोळा किलोमीटर, महामार्गावरून आत. तिथली विहीर १७१९ ते १७२४ या काळात, छत्रपती शाहू महाराजांच्या अमदानीत वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. रस्त्यावरून काही दिसत नाही. शेतांतून जाताना अचानक दगडी पायऱ्या खाली उतरू लागतात. विहीर अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची, वरून पाहिले तर शिवलिंगाच्या आकाराची. आत चक्क एक छोटा महाल आहे, भिंतींत चोरवाटा आहेत, खांबांवर गणपती, हनुमान, कमळे आणि घोडेस्वार कोरलेले आहेत. प्रतापसिंह महाराजांच्या खलबती बैठका इथे होत असे सांगतात. आणि ही सगळी खटपट कशासाठी, तर भोवतीच्या आमराईला पाणी देण्यासाठी. ३,३०० झाडांची आमराई होती म्हणतात.

औंधात आणि साताऱ्यात मंडळी पाहुण्यासारखी वावरली. इथे मात्र ती घरच्यासारखी पांगली. कोणी दगडाचा सांधा बोटाने चाचपून पाहू लागला, कोणी झरा कुठल्या अंगाला असेल याचा अंदाज बांधू लागला. कोणीतरी मोटा मोजल्या आणि ओरडला, "आवं, बारा कुटल्या? ह्या पंधरा भरत्यात!" खरेच आहे. नाव बारा मोटांचे, सोय पंधरा मोटांची.

तरुण पोरांनी विचारले, मोट म्हणजे नक्की चालायची कशी? चित्रात पाहिलेली, बस. आम्ही तोंड उघडणार तोच थोरले बंधू पुढे झाले. वय पंचाहत्तरच्या पुढे. पोरवयात मोट हाकलेली. विहिरीच्या कडेला उभे राहून त्यांनी सांगायला घेतले. कातड्याची मोट, तिला खाली सोंड. मोटेला जाड नाडा, सोंडेला बारीक दोरी. बैल धावेवरून उतरणीला चालू लागले की मोट वर येते, थारोळ्याशी सोंड मोकळी होते, पाणी पाटाला लागते. मग बैल मागे सारत आणायचे. "म्होरं जाताना जोर, पर बैलाची खरी परीक्षा मागं येताना," असे ते म्हणाले. बैल मागे सरावा म्हणून मोटकरी गाणे म्हणत असे. तेही त्यांनी एका दमात म्हणून दाखवले, आणि खालच्या कमानीतून त्याचा घुमारा उठला.

कोणीतरी विचारले, "आणि उसात पाणी कोण धरायचं?"

थोरले थांबले. थोड्या वेळाने, मान न वळवता, म्हणाले, "ह्यो धरायचा की."

धाकटे मागे चार पावलांवर उभे होते. तेही थोरल्यांकडे न बघता आम्हांलाच सांगू लागले, "सायेब, मोट थारोळ्यात पडायची आन् माज्या पायाशी पाणी यायला म्या शंभर मोजायचो. शंभराला पाणी आलं न्हाई तर समजायचं, पाट फुटला. एक सरी भिजायला किती मोटा, ह्ये पाट हुतं आमाला. एक मोट वाया ग्येली तर बाप मारायचा."

"मारायचा," थोरले म्हणाले.

एवढेच. पण त्या बोलण्याचा धागा धरून आम्ही वहीवर हिशेब मांडला, आणि तो इथे मुद्दाम देत आहोत. थोरल्यांच्या अंदाजाने एका मोटेत आठ-दहा घागरी, म्हणजे सुमारे १५० लिटर पाणी. इतक्या खोल विहिरीवर तासाला फार तर २० खेपा. म्हणजे एका मोटेचे तासाला ३,००० लिटर आणि पंधराही मोटा चालल्या तर ४५,००० लिटर. तीस बैल, पंधरा मोटकरी घाम गाळणार आणि पाणी निघणार आपल्या पाच अश्वशक्तीच्या दोन मोटारींइतके, थोडे इकडे-तिकडे. आता उसाला सरी भरून एक पाळी द्यायची, आठ सेंटिमीटर म्हटले तरी एकराला सव्वातीन लाख लिटर लागतात. म्हणजे पंधराच्या पंधरा मोटा सात तास चालवल्या तर आपला एक एकर ऊस एकदा भिजणार. आणि आपण रात्रीची लाइट आली की बटण दाबून झोपतो, सकाळी बांध फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात.

हिशेब मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बरीच मंडळी विहिरीत पाहत राहिली. नदीकाठच्या गटातील एक सभासद, ज्यांचे दोन एकर रान जादा पाण्याने क्षारपड होऊन पडलेले आहे, ते पायरीवर बसून होते. त्यांनी फक्त विचारले, "आमराईला तीनशे वरसापूर्वी पाणी दिलं, तर त्या रानाला मीठ फुटलं नसंल का?" आम्ही म्हणालो, एवढ्या कष्टाने काढलेले पाणी कोणी जादा ओतले नसेल. त्यांनी मान हलवली.

आजींनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. विहीर एका बाईने बांधली, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतले, आणि परतीच्या वाटेत गाडीतल्या पुरुषांना साताऱ्यापासून कारखान्यापर्यंत त्याची आठवण करून दिली.

परत येताना धाकटे बंधू पहिल्या गाडीत चढले. पाठीमागच्या बाकावर बसले, थोरले पुढे. एकमेकांशी बोलले असे आम्ही म्हणणार नाही, कारण आम्ही पाहिले नाही. मात्र नोव्हेंबरात थोरले शेतकी ऑफिसात आले, ठिबकाचा अर्ज मागितला, सही करून टेबलावर ठेवला आणि "ऱ्हायलेली सही घ्या" म्हणून निघून गेले. चार दिवसांनी धाकटे आले. अर्ज पाहिला, थोरल्यांच्या सहीवर जरा वेळ बोट ठेवले, खाली आपली सही केली. चहा घेतला नाही. साडेसहापैकी चार एकरांवर ठिबक बसले आहे. उरलेल्या अडीच एकरांवर अजून वाद आहे, तो बांधाचा आहे आणि आमच्या अधिकारातला नाही.

सहल काढू इच्छिणाऱ्या गटांसाठी दोन गोष्टी सांगतो. दिवसाला तीन ठिकाणांच्या वर जाऊ नये, आणि त्यांतले एक तरी असे असावे की जिथे सांगणारा आपल्यातलाच कोणी निघेल. संग्रहालयात गाईड असतो, पाट्या असतात; मोटेला पाटी नसते. म्हातारी माणसे पायऱ्यांना भितात म्हणून त्यांना मागे ठेवू नका. काठी द्या, दोन पोरे सोबत द्या, पण न्या.

पुढील सहल पन्हाळ्याची ठरत आहे. तिथली अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची तीन दगडी कोठारे पाहायची आहेत. एकट्या गंगा कोठारात पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. आपल्या साखरेच्या गोदामांत हवा आणि ओल यांचा बंदोबस्त कसा करावा यावर नेहमी वाद घालणारे आपले गोदाम कीपरही या वेळी सोबत येणार आहेत. उतरताना कोल्हापुरात टाऊन हॉल संग्रहालय पाहू. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथे आहेत.

नावे आपापल्या गट ऑफिसात चिटबॉयकडे निम्म्या भाड्यासह द्यावीत. भाकरी घरून आणावी. वार रविवार आहे, सोमवार नाही. हे आम्ही दोनदा पाहून घेतले आहे.